गुडघ्याची थकबाकी

गुडघा दुखू लागेपर्यंत आपल्याला गुडघा आहे हे माणसाच्या ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात ते फार लवकर आले. १९७८ सालची गोष्ट. मी वीस वर्षांचा होतो आणि सांगलीजवळच्या आमच्या गावच्या संघातून हुतूतू खेळत होतो. कागदोपत्री खेळाचे नाव केव्हाच कबड्डी झाले होते. आमच्या तोंडी मात्र हुतूतूच होते. चढाईला गेलो, कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला आणि परत फिरण्यासाठी डावा पाय मातीत रोवून अंगाला गिरकी दिली. अंग वळले, पाय वळला नाही. मला कोणी धरले नव्हते की ढकलले नव्हते. वाळकी काटकी मोडावी तसा गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी खाली बसलो.

संध्याकाळपर्यंत गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला. सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये राहिला. प्लॅस्टर काढले तेव्हा आतून जी मांडी निघाली ती माझीच आहे यावर आईचा विश्वास बसेना, इतकी ती वाळली होती. पण तरुणपण ही मोठी चीज आहे. वर्षभरात मी सायकल मारू लागलो, चैत्रात ज्योतिबाचा डोंगर चढून आलो. प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले, मीही धरले. छत्तिसाव्या वर्षी एका सकाळी जिना उतरताना ते पुन्हा उघडले. डॉक्टरांनी क्ष-किरणांची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही छत्तीस वर्षांचे, हा गुडघा साठ वर्षांचा.”

हे जुने पुराण आज उगाळण्याचे कारण माझी नात. सतरा वर्षांची आहे, कबड्डी खेळते. मातीवर नव्हे, मॅटवर. या पावसाळ्यात तिच्या गुडघ्यातही तसाच आवाज झाला. एमआरआय नावाच्या यंत्रात घालून डॉक्टरांनी नेमके निदान केले : पुढचा अस्थिबंध तुटला आहे. घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, पोर पुन्हा खेळणार केव्हा? तिने मात्र रात्री माझ्या खाटेजवळ बसून वेगळाच प्रश्न विचारला : “आजोबा, माझाही गुडघा तुमच्यासारखाच होणार का हो?”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. उत्तर येत नसले की मागे जाऊन पाहायचे, एवढीच विद्या माझ्यापाशी आहे. तेव्हा मी मागे गेलो. जे सापडले ते तिला सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

आधी गुडघ्याची रचना समजून घेतली पाहिजे. खुब्याचा सांधा उखळात मुसळ बसावे तसा असतो. हाडाचा गोळा हाडाच्याच वाटीत बसलेला, सहसा जागा सोडीत नाही. गुडघ्याचे तसे नाही. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर बसते ते पाट्यावर वरवंटा बसावा तसे. वरवंटा पुढे-मागे फिरतो, घसरतो, आणि बाजूला धरून ठेवणारे काही नसेल तर पाट्यावरून खालीही येतो. म्हणून निसर्गाने तो दोरांनी बांधला. बाहेरच्या अंगाला दोन दोर, आणि सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांना ओलांडून जाणारे दोन. या फुलीतला पुढचा दोर नडगीला पुढे निसटू देत नाही आणि वळताना गुडघा सावरतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि दोन्हींच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. पायावर येणारा भार त्या पसरून घेतात.

या सांध्याची जखम वाईट, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले होते. सुश्रुतसंहितेत शरीरातील एकशेसात मर्मे सांगितली आहेत. त्यांतली काही तत्काळ प्राण घेणारी, काही कालांतराने घेणारी. आणि चव्वेचाळीस अशी की जीव जात नाही, पण वैकल्य मागे राहते. मांडी आणि पोटरी जुळतात तेथले ‘जानु’ हे या चव्वेचाळीसांपैकी एक. तेथे इजा झाली तर माणूस लंगडा होतो, असे सुश्रुत सांगतो. तिकडे दुसऱ्या शतकात पर्गमम शहरी झुंजणाऱ्या योद्ध्यांचा वैद्य असलेल्या गॅलननेही सांध्यांना बांधून धरणाऱ्या या बंधांचा विचार केला. परंतु आतला दोर नेमके काय काम करतो हे कळायला १८३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन बंधूंनी माणसाच्या चालण्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मृत शरीरातील गुडघ्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की फुलीचे बंध कापले तर नडगी पुढे-मागे हलू लागते.

नऊ वर्षांनी, १८४५ साली, फ्रान्समधील लियाँ शहरचे शस्त्रवैद्य आमेदे बोने यांनी सांध्यांच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली या दुखापतीची लक्षणे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तुटतानाचा आवाज, लगोलग रक्त साठून आलेली सूज, पायातले गेलेले बळ. सगळे जसेच्या तसे. माझ्या गुडघ्यात जे झाले ते एकशेतेहेतीस वर्षे आधी कोणीतरी लिहून ठेवले होते! सांधा फार काळ बांधून निश्चल ठेवला तर त्याचेही नुकसान होते, हा इशाराही बोने यांनी देऊन ठेवला होता. माझे सहा आठवड्यांचे प्लॅस्टर मला तेव्हा आठवले.

पुढची गोष्ट खाणीतली आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणींत माणसे गुडघ्यांवर बसून, वाकून, अरुंद भुयारांत काम करीत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात म्हणूनच खाणकामगार वारंवार भेटतो. १८८३ साली एडिंबरा येथे टॉमस अ‍ॅनंडेल यांनी गुडघ्यातली फाटलेली गादी प्रथमच शिवली, ती एका खाणकामगाराची. १८९५ साली लीड्स येथे आर्थर मेयो रॉबसन यांनी तुटलेले फुलीबंध शिवले, तेही एका खाणकामगाराचेच. एक्केचाळीस वर्षांचा तो माणूस, खाणीत अंगावर माती कोसळून जखमी झालेला. मेयो रॉबसन यांनी त्याची हकीकत १९०३ साली प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेला सहा वर्षे लोटली होती. माणूस लंगडत नव्हता, कामावर परतला होता.

येथे मी थांबलो. सहा वर्षे! दुखापतीनंतर सहा वर्षांनी मीही लंगडत नव्हतो. मलाही कोणी तपासले असते तर ‘पूर्ण बरा’ असाच शेरा मिळाला असता. त्या खाणकामगाराचा गुडघा पंधराव्या, विसाव्या वर्षी कसा होता? शस्त्रवैद्याचे काम दोर जोडण्याचे. दोर जोडला, माणूस चालला, की त्याच्या वहीतले पान संपत असे. गुडघ्याच्या वहीत मात्र ते चालूच राहते.

वास्तविक धोक्याची सूचना फार जुनी होती. १७४३ साली विल्यम हंटर या तरुण शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर निबंध ठेवला. कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, हा त्याचा अभिप्राय वैद्यकात आजही सांगितला जातो. त्याचे कारण नंतर उमगले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची डागडुजी करणारे साहित्य तेथे पोहोचत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती झिजू लागली तरी तक्रार करीत नाही. भिंतीला वाळवी लागावी आणि वरचा गिलावा शाबूत दिसावा, तसला हा प्रकार.

दुसरी चूक गाद्यांच्या बाबतीत झाली. १८९७ साली जॉन ब्लँड-सटन यांनी या चंद्रकोरी गाद्यांना स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरवले. मग काय! फाटली गादी की काढून टाक, असा क्रम पुढे कैक दशके चालला. रोगी चार दिवसांत हिंडूफिरू लागे, सगळे खूश. १९४८ साली टी. जे. फेअरबँक या ब्रिटिश शस्त्रवैद्याने गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण फिल्मा जमवून पाहिल्या. कुठे हाडाच्या कडेला नवी कड फुटलेली, कुठे हाडाचे गोल टोक चपटे झालेले, कुठे दोन हाडांमधली फट अरुंद झालेली त्याला दिसली. ज्या गादीला निरुपयोगी म्हटले ती भार वाहत होती, हे ती काढून टाकल्यावर कळले. एकत्र कुटुंबातल्या एखाद्या मुकाट काम करणाऱ्या आजीची किंमत जशी नंतर कळते, तसे.

हा पुरावा मिळाला तो क्ष-किरणांमुळे. ज्या १८९५ साली त्या खाणकामगाराचा दोर शिवला गेला, त्याच साली जर्मनीत राँटगेन यांना हे किरण सापडले होते. दोन गोष्टी एकाच वर्षी जन्मल्या, पण त्यांची नीट गाठ पडायला अर्धशतक गेले. झीज मोजायची तर माप हवे. मँचेस्टरचे केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली फिल्मेवरून सांध्याच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवून दिल्या. त्या आजही वापरात आहेत. याच जोडीने त्याआधी, १९५२ साली, सांधेदुखीचा अभ्यास केला होता तो कोणाचा? पुन्हा खाणकामगारांचाच. या सबंध कथेत ज्याचे नाव कोठे लिहिलेले नाही असा नायक शोधायचा झाला तर तो हा गुडघ्यांवर बसून कोळसा खोदणारा माणूस होय.

दरम्यान दोर जोडण्याची कला पुष्कळ पुढे गेली. तुटका अस्थिबंध शिवून टिकत नाही, त्याच्या जागी नवा ओवावा लागतो, हे ध्यानात आल्यावर १९१७ साली ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरील अंगाच्या चिवट पट्टीचा तुकडा हाडांत भोके पाडून ओवला. जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृत शरीराच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले. त्याच देशात मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून पाहत फाटक्या गादीचा तेवढाच तुकडा काढला. १९८० साली इंग्लंडमध्ये डेव्हिड डँडी यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने नवा अस्थिबंध बसवला. पूर्वी ज्यासाठी गुडघा उघडावा लागे ते आता लहान छिद्रांतून होऊ लागले. खेळाडू वर्षभरात मैदानावर परतू लागले. आता तरी सारे फिटले, असे वाटणे साहजिक होते.

हिशोब तपासला तो स्वीडनमध्ये. लुंड येथील स्टेफान लोमांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिबंध तुटलेल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुली बारा वर्षांनी पुन्हा शोधून काढल्या. मुली कसल्या, आता सरासरी एकतीस वर्षांच्या बाया. ज्या सदुसष्ट जणींच्या फिल्मा काढल्या, त्यांतील ८२ टक्के गुडघ्यांत बदल दिसले आणि ५१ टक्के गुडघे झिजेच्या संधिवाताच्या व्याख्येत बसले. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जणींवर मधल्या काळात शस्त्रक्रिया झाली होती. फिल्मेवरच्या झिजेत तिने फरक पडलेला दिसला नाही. चौदा वर्षांपूर्वी जखमी झालेल्या पुरुष खेळाडूंचीही त्याच साली तपासणी प्रसिद्ध झाली, तिचे उत्तर फारसे वेगळे नव्हते. तरुण देहात म्हातारा गुडघा! माझ्या डॉक्टरांनी खिडकीपाशी उभे राहून सांगितले तेच.

असे का व्हावे? दोर नवा बसवला तरी झीज का थांबत नाही? याचे उत्तर त्या ‘कट्’च्या क्षणातच आहे. दोर तुटतो तेव्हा मांडीचे हाड आणि नडगी एकमेकांवर आदळतात. कूर्चेला आणि तिच्याखालच्या हाडाला मुका मार बसतो. एमआरआयच्या चित्रात तो बहुतेकांच्या हाडांत डागासारखा दिसतो. सांध्यात रक्त साठते, दाह होतो आणि त्या दाहात निर्माण होणारी द्रव्ये कूर्चेचे धागे कुरतडू लागतात. पुष्कळदा दोराबरोबर गादीही फाटते. पुढे चालण्याची ढब किंचित बदलते, आणि कूर्चेच्या ज्या भागाला भार वाहायची सवय नाही त्यावर भार येऊ लागतो. मांडीचे स्नायू वाळलेले असले तर प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यात जातो. म्हणजे तुटले ते फक्त एक दोर असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी सबंध सांधाच जखमी झालेला असतो.

इथपर्यंत सांगून झाल्यावर नातीचा चेहरा उतरला. “म्हणजे होणारच,” ती म्हणाली. पण इतिहासाच्या मास्तराने अर्धवट धडा शिकवू नये. मी तिला पुढचे पान वाचून दाखवले.

२००९ साली नॉर्वेतील संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळणीतून घातले. जे अधिक काटेकोर होते तेवढे घेतले तर निराळे चित्र दिसले : दहा वर्षे उलटल्यावर, फक्त अस्थिबंध तुटलेल्यांत झिजेचे प्रमाण शून्य ते १३ टक्के; गादीही फाटली असेल तर २१ ते ४८ टक्के. तेव्हा गादी वाचली की निम्मे घर वाचले. आज डॉक्टर फाटकी गादी काढण्याऐवजी जमेल तेथे शिवतात ते यामुळेच. अ‍ॅनंडेल यांनी १८८३ साली केले होते तेच. मधल्या काळात आपण ते विसरलो होतो. नातीची गादी शाबूत आहे, हे अहवालात लिहिले होते. तो कागद तिने पुन्हा एकदा वाचला.

शस्त्रक्रिया लगेच करावी का, हाही प्रश्न घरात होताच. याचाही नीट प्रयोग स्वीडनमध्येच झाला. १८ ते ३५ वयाच्या १२१ जखमी तरुणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया आणि मग व्यायाम. दुसऱ्याला आधी शिस्तीचा व्यायाम आणि गुडघा निसटतच राहिला तर मागाहून शस्त्रक्रिया. २०१० साली दोन वर्षांचा आणि २०१३ साली पाच वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांच्या प्रकृतीत आणि फिल्मांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील निम्म्या जणांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागली, निम्म्यांना लागलीच नाही. शस्त्रक्रिया निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. निसटणारा गुडघा घेऊन कबड्डी खेळता येत नाही आणि प्रत्येक निसटणे गादीच्या जिवावर येते. पण ती झिजेविरुद्धचा ताईत नाही, आणि व्यायामावाचून तर कोणताच मार्ग नाही, एवढे त्यातून ठरले. निर्णय तिच्या डॉक्टरांनी आणि तिने मिळून घ्यायचा आहे; आजोबांनी नव्हे.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी आणखीही आहेत. वजन आटोक्यात ठेवणे ही पहिली. शरीराचे एक किलो वजन उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो, असे २००५ साली अमेरिकेत मोजून दाखवले गेले. दिवाळीच्या अंकात हे लिहिणे अरसिकपणाचे आहे खरे, पण फराळाच्या ताटाकडे पाहताना मला हे गणित आठवते आणि चकलीकडे गेलेला हात एकदा तरी मागे येतो. दुसरी गोष्ट, दुखापत मुळात टाळणे. खेळणाऱ्या मुलींत हा अस्थिबंध मुलांच्या मानाने दोन-तीनपट अधिक तुटतो. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या संघांना खेळापूर्वी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम दिला : उडी मारून गुडघे वाकवून अलगद उतरायचे, एका पायावर तोल सांभाळायचा, गुडघा आत न झुकवता वळायचे. २००८ साली निष्कर्ष आला की जबर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. याला ना यंत्र लागते ना पैसा. आमच्या वेळी आम्ही शड्डू ठोकत असू आणि थेट मैदानात उतरत असू.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपला हा खेळ जगाला दाखवला. १९९० पासून तो आशियाई स्पर्धांत आहे आणि २०१० पासून तेथे मुलीही खेळतात. आता गावोगावच्या मैदानांवर माझ्या नातीसारख्या पोरी उतरतात. पुरस्कार, ढाल, हारतुरे यांची आपल्याला हौस आहे. तिच्यासोबत ही वीस मिनिटेही आली तर वीस वर्षांनी कित्येक गुडघे दुवा देतील. आणि ज्यांचा दोर तुटलाच त्यांना ‘पुन्हा खेळणार केव्हा’ याबरोबर ‘मांडीला बळ आले का’ हेही विचारायला हवे. मला ते कोणी विचारले नाही. त्यात दोष कोणाचा नव्हता. त्या काळी प्रश्नच पुरता तयार झाला नव्हता.

तेव्हा तिच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे : होईलच असे नाही, होणारच नाही असेही नाही. माझे खाते माझ्या नकळत चालू राहिले. तुझे तू डोळ्यांसमोर ठेवशील, एवढा आपल्या दोघांत फरक. तिला ते पुरेसे वाटले की नाही कोण जाणे. “आजोबा, वीस वर्षांनी सांगते,” असे म्हणून ती झोपायला गेली.

परवा सकाळी ओसरीवर आकाशकंदील लावण्याची गडबड चालली होती. ती खांबाला एक बोट टेकून दुखऱ्या पायावर उभी होती. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम. आकडे मोजायचे काम माझ्याकडे. मी काठीवर रेलून मोजू लागलो. तीसपर्यंत गेलो आणि कंदिलाची दोरी निसटली म्हणून मान वर केली, तेवढ्यात मोजणे चुकले. “चालेल,” ती म्हणाली, “पुन्हा पहिल्यापासून मोजा.” खांबाचे बोट तिने या वेळी काढून घेतले होते.